दादासाठी धरलेला उपास

माझ्या मोठ्या भावाला माझ्या लिव्हरचा तुकडा हवा होता, आणि माझं लिव्हर देण्याच्या लायकीचं नव्हतं.

ठाण्यातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मॅडमनी माझ्या पोटाचा स्कॅन कॉम्प्युटरवर उघडला आणि पेनाच्या टोकाने एक भाग दाखवला. "हे लिव्हर. पलीकडच्या प्लीहेपेक्षा ते उजळ दिसायला हवं. तुमचं काळपट दिसतंय. ही चरबी आहे."

"मॅडम, मी दारूला हातही लावत नाही."

"दादांनीही लावला नव्हता," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. दादाच्या पोटात पाणी भरायला लागलं तेव्हा कळव्यातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुजबुज झाली होती. लिव्हर गेलं म्हणजे बाटली, एवढंच लोकांना माहीत. वहिनी जिन्यात उभं राहून एकीला म्हणाली होती, "आमच्या घरात फक्त चहा प्यायला जातो हो, तोही चार चमचे साखरेचा." तिने ते रागाने म्हटलं होतं. पण मॅडमनी नंतर जे समजावलं त्यात त्या चार चमच्यांचाही वाटा होता.

वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो आणि दादा दहावीत. त्याने शाळा सोडली आणि गावाकडच्या एका ओळखीवर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पत्र्याच्या प्रेस मशीनवर लागला. पुढे मला गावाहून कळव्याला आणलं, कॉलेजात घातलं. शेवटच्या वर्षाची पुस्तकं तो कामावरून सुटल्यावर घेऊन यायचा, हाताचं तेल लागू नये म्हणून चिंधीत गुंडाळून. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. मला विमा कंपनीत नोकरी लागली तेव्हा आईने गावच्या देवळात नारळ फोडला आणि म्हणाली, "माझ्या पोराला बसून काम मिळालं." काही वर्षांनी दादा सुपरवायझर झाला, त्यालाही काचेची केबिन आणि खुर्ची मिळाली. आईने दुसरा नारळ फोडला. उन्हातान्हात राबलेल्या बाईला आपली दोन्ही मुलं खुर्चीवर बसलेली बघायची होती. आम्ही बसलो. आणि जेवण मात्र राबणाऱ्या माणसाचंच जेवत राहिलो.

वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. त्यांचा मुलगा अजून शाळेत. आईचं वय झालेलं. राहिलो मी. मी लगेच हो म्हटलं आणि डोंबिवलीला घरी येऊन बायकोला सांगितलं.

"हो म्हणून आलात? मला विचारलंत?"

"सही तुझीपण लागणार आहे."

"सही करीन हो. नाही म्हणणारी मी कोण? दादांनी तुम्हाला उभं केलंय, ते काय मला माहीत नाही?" ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली. "पण तुम्हाला काही झालं तर मी कोणाकडे जाऊ तेवढं सांगून ठेवा."

आणि आता स्कॅन बघितल्यावर कळत होतं की तिची भीती फुकट नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "चरबीने भरलेलं लिव्हर अर्धं कापलं तर तो तुकडा दादांच्या पोटात नीट काम करणार नाही, आणि उरलेलं तुमच्याही पोटात करणार नाही. मला दोन पेशंट नकोत. दीड महिना देते. रोज घाम येईल इतकं जोरात चालायचं. एक दिवसाआड मांड्यांचा व्यायाम. गोड आणि तळलेलं बंद. मध्ये एकदा बघू आणि शेवटी पुन्हा स्कॅन."

"आणि नाही कमी झालं तर?"

"तर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

दादाला वेळ किती आहे हे मी विचारलं नाही. त्यांनी दीड महिना म्हणताना कॅलेंडरकडे दोनदा बघितलं, त्यातून मला कळलं.

मी विचारलं ते वेगळंच. लिव्हरमधली चरबी काढायची तर पायांचा व्यायाम कशाला? पोटाचा का नाही? त्या पहिल्यांदा जरा हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही जेवता त्यातली साखर ठेवायला शरीरात मोठी जागा म्हणजे स्नायू. आणि त्यातही मांड्या, पोटऱ्या. तुम्ही दिवसभर बसता, म्हणजे ती जागा कायम भरलेली. नवीन साखर आली की स्नायू दार उघडत नाहीत. मग ती लिव्हरकडे जाते, आणि लिव्हर तिची चरबी करून स्वतःतच साठवतं. चाललात, उठाबशा काढल्यात की स्नायूंतली साखर संपते. रिकामा स्नायू रक्तातली साखर स्वतः ओढून घेतो, व्यायाम संपल्यावरसुद्धा, दुसऱ्या दिवसापर्यंत. आणि तुम्ही चालत असताना रक्तात साखर पुरवायचं काम लिव्हरलाच करावं लागतं. त्यासाठी ते आपली चरबी जाळतं. कळलं? पाय चालतात, पण कामाला लिव्हर लागतं."

मला कळलं. शाळेत विज्ञानाच्या तासाला मी यकृताची कामं घडाघडा म्हणून दाखवत असे. पण हे असं कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या निवासी भागात चालायला लागलो. सकाळी तिथे कधीकधी केमिकलचा असा वास असतो की नाक चोळावं लागतं. त्या दिवशी मी तोंडाला रुमाल बांधून चालायचो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यावरून वरखाली करायचो. शिपाई विचारायचा, "साहेब, लिफ्ट बंद पडली का?" संध्याकाळी कळव्याला उतरून दादाला बघायचो आणि त्याच्यासमोरच उठाबशा काढायचो, कारण घरी पोचेपर्यंत अंगात काही उरत नसे.

दादा पलंगावर उशीला टेकून बसलेला असायचा. डोळे पिवळे, हात काड्यांसारखे आणि पोट तेवढं ताणलेलं. प्रेसवर लोखंडी पत्रे उचलणारे ते हात. पहिल्या दिवशी मी उठाबशा सुरू केल्या तेव्हा तो बघत राहिला आणि म्हणाला, "कान पकड. कान न पकडता मोजल्या जात नाहीत."

"दादा, ही शाळा आहे का?"

"तुझ्या मास्तरांना मी ओळखतो. कान पकड."

गावच्या शाळेत मला पाढे चुकल्याबद्दल उठाबशा काढाव्या लागायच्या, आणि दादा वरच्या वर्गाच्या खिडकीतून बघून हसायचा. मी कान पकडले. तो हसला, हसताना पोट दुखलं म्हणून थांबला. मग रोजच तसं व्हायला लागलं. मी वाकलो की तो कानाकडे बोट दाखवायचा.

आई गावाहून आली ती याच दिवसांत. तिला ऑपरेशन म्हणजे काय ते नीट समजलं नव्हतं. दोन्ही मुलांची पोटं फाडणार, एवढंच समजलं होतं. तिने आल्याआल्या सांगितलं, "म्या महादेवाला बोलल्ये. दोघं पोरं धड घरी येईस्तवर सोमवार, गुरवार, शनवार उपास. घरातल्या समद्यांनी. पोरांनी पन."

कोणी नाही म्हटलं नाही. अशा वेळी आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. मला तर ते बरंच वाटलं. जेवण कमी करायचंच होतं. तीन दिवस पोळी नाही, भात नाही. त्यात देवाचंही होईल आणि मॅडमचंही.

उपासाच्या दिवशी वहिनी माझा डबा स्वतः भरायची, मी सकाळी ऑफिसला जाताना कळव्याला उतरून तो घ्यायचो. मी लिव्हर देणारा माणूस. माझ्या ताकदीची जबाबदारी तिने घेतलेली होती. साबुदाण्याची खिचडी, त्यावर तूप. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. बटाट्याची भाजी. रताळ्याच्या गुळातल्या फोडी. मधल्या वेळेला केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. "एवढं चालता तुम्ही भावोजी, पोटात काही नको का?" ती म्हणायची. मी खायचो. तळलेलं त्यात नव्हतं, आणि गोड म्हणजे माझ्या मनात जिलेबी आणि पेढे. उपासाच्या फोडी मी गोडात धरल्याच नाहीत.

दादाचा उपास याच्या उलट होता. त्याला तशीही भूक नव्हती, आणि आईने धरलेला उपास तो मनापासून करणारा माणूस. सकाळी चहा, दुपारी अर्धं केळं, संध्याकाळी कपभर दूध. बस. आई त्याच्या उशाशी बसून जप करायची आणि म्हणायची, "बघ, माझं लेकरू किती सोसतंय."

एका मंगळवारी वहिनीचा फोन ऑफिसात आला. "भावोजी, लगेच या. हे काहीतरीच बोलतायत."

मी पोचलो तेव्हा दादा शर्टाची बटणं लावत होता. वरचं बटण खालच्या काजात, आणि ते सुटलं की पुन्हा तसंच. मला बघून तो म्हणाला, "बाबा, शिफ्ट चुकेल माझी. डबा द्या." बाबा म्हणजे आमचे वडील. आई भिंतीला टेकून तोंडात पदर धरून उभी होती. आम्ही त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. लिव्हर काम करत नसल्यामुळे रक्तातली घाण मेंदूपर्यंत चढली होती. औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. मला म्हणाला, "तू ऑफिस सोडून इथे काय करतोयस?"

त्याच आठवड्यात माझी मधली तपासणी होती. मी धास्तावलेला होतो, पण मनातून खात्रीही होती. इतकं मी आयुष्यात कधी चाललो नव्हतो.

मॅडमनी रिपोर्ट वाचला. परत वाचला. "चरबीत काहीच फरक नाही. किंचित वाढलीच आहे म्हणायची. तुम्ही खरंच चालताय?"

"रोज. मॅडम, आणि आठवड्यातले तीन दिवस तर मी जेवतच नाही. उपास करतो."

"उपास म्हणजे काय खाता?"

मी सांगायला लागलो. साबुदाणा म्हणालो, बटाटा म्हणालो, रताळी आणि गूळ म्हणालो, तसा माझाच आवाज खाली जायला लागला. खजुराशी आलो तेव्हा त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"म्हणजे तुम्ही पायांनी जे रिकामं करता ते तीन दिवस तोंडाने पुन्हा भरता. अहो, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. पोटात गेला की साखरच." त्या रागावल्या नव्हत्या, पण घाईत होत्या. मग एकदम थांबल्या. "हा उपास घरी आणखी कोण करतं?"

"सगळेच. दादासाठीच आहे ना तो."

"दादापण करतात?"

"तो तर फार कडक करतो."

त्या उठून उभ्या राहिल्या. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. "सोमवारी उपास आणि मंगळवारी ते बेभान झाले, हो ना? ऐका. चांगल्या लिव्हरमध्ये रात्रभराची साखर साठवलेली असते. त्यांच्या लिव्हरमध्ये ती जागाच राहिलेली नाही. काही तास पोट रिकामं राहिलं की शरीर त्यांचे स्नायू मोडून खायला लागतं. आणि जी घाण त्यांचं लिव्हर साफ करू शकत नाही, ती थोडीफार त्यांचे स्नायूच साफ करत होते. ते गेले की ती मेंदूत जाते. त्यांना दर दोन-तीन तासांनी खायला हवं. झोपायच्या आधी तर हवंच. थोडं चालायलाही हवं, अगदी खोलीतल्या खोलीत. एवढ्या कमी स्नायूंवर ऑपरेशन पेलणार नाही त्यांना."

हॉस्पिटलमधून बाहेर पडलो आणि तलावपाळीपर्यंत चालत गेलो. तिथे तलावाच्या कठड्याला धरून उभा राहिलो. एकाच उपासाने एका भावाच्या लिव्हरमध्ये चरबी घातली होती आणि दुसऱ्याच्या अंगावरचं मांस उतरवलं होतं. आणि तो उपास आईने आम्हा दोघांना वाचवायला धरला होता. हे तिला कसं सांगायचं? शिकलेला मुलगा म्हणून मीच सांगायचं होतं, आणि मलाच ते तोंडातून काढणं अवघड होतं.

कळव्याला गेलो तेव्हा गुरुवार होता, आणि दादाला सकाळीच घरी सोडलं होतं. गॅसवर खिचडी होती. मी आईसमोर खाली बसलो आणि मॅडम म्हणाल्या ते सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या उपासानं पोराचं डोस्कं फिरलं, असं म्हन्तोस?"

"तसं नाही आई."

"तसंच म्हन्तोस की. बोललेला उपास मोडायचा? आन मग काय झालं म्हंजे?"

"मोडला नाही तर होईल ते मला डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टर देवाच्या वर हायत का?"

वहिनीने गॅस बंद केला. इतके दिवस ती आईपुढे एक शब्द बोलली नव्हती. ती दारात येऊन म्हणाली, "आई, तुमचा उपास तुम्ही करा, मीपण करते तुमच्याबरोबर. पण ह्यांना मी आता भाकरी देणार. तुमच्यासमोर देणार. देवाचा कोप व्हायचा तर माझ्यावर होऊ दे."

मग पलंगावरून दादा म्हणाला, "आई, मला भूक लागल्ये."

त्याला भूक लागली नसणार. कित्येक महिन्यांत त्याला भूक लागली नव्हती. पण आईने ते ऐकलं आणि ती उठली. भाकरी तिनेच थापली. दुधात कुस्करून त्याला भरवताना ती महादेवाशी काहीतरी पुटपुटत होती. आम्हाला ऐकू आलं नाही. शेवटचा घास झाल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझा उपास म्या चालन्यावर घातलाय. त्यात खाडा केलास तर बघ."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस होते. माझ्या डब्यात आता भाजी, उसळ, ताक आणि एक भाकरी. मी चालत होतो, जिने चढत होतो, दादासमोर कान पकडून बैठका काढत होतो. तोही आता पलंगापासून दारापर्यंत आणि परत, भिंतीला हात लावत चालायचा. आई त्याच्यामागे खुर्ची घेऊन चालायची, तो डगमगला तर बसवायला. एकदा तो म्हणाला, "आई, तुझी खुर्ची काय आमची पाठ सोडत नाही." ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली आणि रिकाम्या हाताने त्याच्यामागे चालायला लागली.

काळजी मला काट्याची होती. नाक्यावरच्या केमिस्टच्या काट्यावर मी दर दोन दिवसांनी उभा राहायचो, आणि काटा जवळजवळ तिथेच. स्कॅन जवळ आला तसा माझा धीर सुटला. शेवटचे काही दिवस फक्त पाण्यावर राहावं असं ठरवून मी डबा परत नेला. बायकोने तो उघडून बघितला.

"आता हा कोणता उपास?"

"वजन उतरत नाहीये गं."

तिने तिथल्या तिथे मॅडमच्या असिस्टंटला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून मॅडमच बोलल्या. "असली उपासमार केलीत तर अंगावरची चरबी धावत लिव्हरकडेच येईल. काटा लिव्हरच्या आत बघत नाही. तुमच्या मांड्या घट्ट झाल्यात का? जिना चढताना दम कमी लागतो का? मग जेवा आणि चाला."

मी जेवलो.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी मॅडमनी दोन चित्रं शेजारी शेजारी उघडली. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, माझ्या बुटांकडे बघत होतो. चालून चालून त्यांच्या टाचा एका बाजूने झिजल्या होत्या. बायकोने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळाचा पट्टा रुतला.

"वर बघा," मॅडम म्हणाल्या. "हे दिसतंय का? प्लीहेपेक्षा उजळ. वजन फारसं उतरलं नाही, पण लिव्हर मोकळं झालंय. मी घेते तुम्हाला."

बायको रडायला लागली. आनंदाने की भीतीने, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. फॉर्मवर सही मात्र तिने एका दमात केली.

ऑपरेशनच्या सकाळी आम्हा दोघांना शेजारशेजारच्या स्ट्रेचरवर ठेवलं होतं. दादा म्हणाला, "अजून वेळ आहे. नको वाटत असेल तर उठून जा."

"गप पड."

"मोठ्या भावाला गप म्हणतोस?"

मग त्यांनी मला आधी आत नेलं.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटात निखारे भरल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्याच दिवशी नर्सने उठवलं. म्हणाली, "चला, चालायचंय." दादा काचेपलीकडच्या खोलीत होता. आत जायला मनाई होती. त्याचं लिव्हर, म्हणजे माझं, कामाला लागलं का, हे कोणी ठामपणे सांगत नव्हतं. बघू, म्हणत होते. माझ्या पलंगापासून त्या काचेपर्यंतचा रस्ता मी एका हाताने सलाइनचा स्टँड आणि दुसऱ्या हाताने बायकोचा खांदा धरून चाललो. डोंबिवलीच्या सगळ्या सकाळी मिळून इतका दम लागला नव्हता.

आई आधीच काचेपाशी उभी होती. बाकड्यावर बसायला तयार नव्हती. दादाचे डोळे मिटलेले होते. तोंडाला, हाताला, गळ्याला नळ्या. मी काचेला कपाळ टेकवून उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. मग त्याने डोळे उघडले. मला शोधायला त्याला जरा वेळ लागला. सापडलो तेव्हा त्याने सुया टोचलेला हात हळूहळू वर उचलला, मध्येच हात खाली पडला, पुन्हा उचलला, आणि बोटं आपल्या कानाशी नेली.

"काय म्हन्तोय त्यो?" आईने घाबरून विचारलं. "कान दुखतोय का त्याचा?"

मी एक हात काचेला धरला आणि दुसऱ्या हाताने माझा कान पकडला.